मदत हवी आहे : जुन्या टार्गेट रिव्हॉल्व्हरची किंमत कशी ठरवायची?

पुण्यात बाबांकडे स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीचं के-२२ मास्टरपीस हे नेमबाजीचं रिव्हॉल्व्हर आहे. .२२ बोअर, सहा इंची नळी, मूळ लाकडी मूठ. सिलिंडर उघडल्यावर आत मॉडेल नंबर दिसत नाही; कंपनी तो १९५७ पासून कोरू लागली, म्हणजे हे त्या सुमाराचं किंवा आधीचं असावं. पॉलिश मूळचंच, मुद्दाम हात लावलेला नाही. परवाना चालू आहे, नेमबाजी मात्र सुटली.

घेणारा परवानाधारक हवा, विक्रीआधी ४५ दिवस पोलिसांना लेखी कळवायचं, हे माहीत आहे. दुकानदार न उघडताच ‘जुनं आहे’ म्हणून आकडा फेकतात. अमेरिकेतले लिलावाचे भाव पाहिले, पण इथे सर्वसामान्य परवानाधारकाला आयात बंद, त्यामुळे ते कामाचे नाहीत. घाई अजिबात नाही.

आपल्याकडे मूळ स्थितीचे जास्त पैसे मिळतात का? आणि लेखी मूल्यांकन नेमकं कोण करून देतं?