मोठीला सायकल येत नाही, धाकटा शिकून मोकळा झाला. काय करू?

नमस्कार मंडळी. मुलगी आठ वर्षांची, मुलगा सव्वापाचचा. गेल्या महिन्यात धाकट्याला सायकल यायला लागली आणि तेव्हापासून मोठी संध्याकाळी खालीच उतरत नाही. कोथरूडमधली आमची सोसायटी म्हणजे पाच इमारती आणि त्यांच्याभोवती गोल रस्ता. साडेपाच ते सात तिथे नुसती जत्रा असते. कुणीतरी "तुझा भाऊ शिकवेल तुला" म्हणालं, झालं. रोज अचानक होमवर्क निघतो.

धाकट्याला कुणीच शिकवलं नाही. भावाकडून आलेली बिनपेडलची छोटी सायकल तो दोन वर्षं पायांनी ढकलत फिरायचा. १४ इंचीवर बसवलं तर दुसऱ्या दिवशी सुटलाच. मोठी मात्र साइडच्या चाकांवर वाढली. ती चाकं काढली, आणि त्याच सुमारास सासऱ्यांनी वाढदिवसाला नवी २४ इंची घेतली, वाढत्या अंगाची म्हणून. नवरा मागे कॅरियर धरून पळायचा. "सोडणार नाही" म्हणाला आणि सोडलं (सगळेच बाप करतात म्हणे). गुडघा फुटला. आता ती बाबाला सायकलला हात लावू देत नाही.

परवा दुपारी दोनला गॅलरीतून पाहिलं तर ही एकटीच खाली. सायकल हातात धरून चालत होती. अशा दोन फेऱ्या मारल्या. वर येऊन म्हणाली, "फिरवून आणली."

मला त्यावर काही बोलताच आलं नाही. मागे लागू, की तिच्यावर सोडून देऊ? शिकवायचं तर कसं? मला स्वतःला जेमतेम येते.

प्रतिसाद १
ताई, आधी एक सांगा, मुलीची उंची किती? सीटवर बसल्यावर पाय कुठपर्यंत पोचतात?

धागाकर्ती
१२२ सेंमी. सीट पूर्ण खाली केली तरी फक्त चवडे टेकतात.

प्रतिसाद १
मग सापडलं. फ्रॉक वाढत्या अंगाचा चालतो, सायकल नाही. या उंचीला २० इंची हवी. शिकताना दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या पाहिजेत, म्हणजे 'पडले तर' ही भीतीच अर्धी होते. २४ इंची दोन वर्षं झाकून ठेवा. सासऱ्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

प्रतिसाद २
आणि पेडल काढून टाका. धाकटा जे दोन वर्षं करत होता तेच मोठीला आठ दिवस करू दे. ढकलायचं, मग पाय उचलायचे, इतकंच. साइडच्या चाकांवर सायकल कलतच नाही, त्यामुळे तोल म्हणजे काय ते पोरांना कळत नाही. खरं तर ज्या बाजूला पडतोय त्याच बाजूला हँडल किंचित वळवायचं असतं. हे सांगून समजत नाही, अंगात यावं लागतं. १८१७ साली जर्मनीत कार्ल फॉन ड्राइसनं जी पहिली दुचाकी काढली तिलाही पेडल नव्हतेच, तेव्हा लाजायचं कारण नाही.

१५ नंबरचा पाना लागेल. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, जोर लावून आटे घालवू नका. पाना वरच्या बाजूने धरायचा आणि मागच्या चाकाकडे ओढायचा, दोन्हीकडे हेच.

प्रतिसाद ३
आमच्या लहानपणी कुठली २० इंची! ताशी आठ आणे देऊन मोठी सायकल आणायची, नळीखालून पाय घालून अर्धे पेडल मारत शिकायचं. आजही ढोपरावर खूण आहे. उगाच लाड करू नका.

प्रतिसाद १
काका, खूण आहे म्हणताय आणि तोच मार्ग सुचवताय?

प्रतिसाद ४
काखेतून ओढणी बांधून मागून धरा, मी मुलाला तसंच शिकवलं.

प्रतिसाद २
ओढणी नको, टोक चाकात गेलं तर? धरायचंच असेल तर खांद्याला धरा. हँडल धरलं की तोल तुम्ही सांभाळता, मूल नाही. आणि सोडायच्या आधी सांगून सोडा.

धागाकर्ती (बारा दिवसांनी)
सगळ्यांचे आभार. बी विंगमधल्या एका ताईंकडे २० इंची धूळ खात पडली होती, दोन्ही टायर बसलेले. हवा भरून घेतली. डावं पेडल नवऱ्याने तरीही उलटंच फिरवलं. शेवटी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने काढून दिलं, पैसेही घेतले नाहीत, नुसता हसला.

सकाळी साडेसहाला जातो आम्ही दोघीच, पार्किंगच्या रॅम्पच्या उतारावर. पेव्हर ब्लॉक संपतात तिथे सिमेंटचा गुळगुळीत पट्टा आहे, तिथपर्यंत. चौथ्या दिवशी पाय उचलून सात ब्लॉक गेली, मोजले तिनेच. काल पट्ट्याच्या शेवटपर्यंत गेली, वळली आणि ब्रेक न दाबता पाय घासत थांबली. चपलेचा तळ गेला.

आता पेडल लावू म्हटलं तर ती म्हणते, "नको, अशीच मस्त जाते." अजून आठवडाभर थांबू का? आणि ब्रेक दाबायची सवय पेडलच्या आधी लावू की नंतर?

प्रतिसाद २
आधी ब्रेक. हात लहान असेल तर ब्रेकची दांडी स्क्रूने आत घेता येते का बघा. उतारावर खडूने रेघ मारा आणि रेघेवरच थांबायचं असा खेळ लावा. पेडलचं तीच सांगेल. आणि चप्पल नको, बूट घाला.