लसणाशेजारची फरसबी खुंटली आहे, मदत हवी

नमस्कार मंडळी. इंदूरला घरामागे काळ्या मातीचा १० बाय ४ फुटांचा वाफा आहे, ऊन पाच-सहा तास. दसऱ्यानंतर झुडपी फरसबी लावली. अर्ध्या वाफ्यात तिच्या सोबतीला मका, अर्ध्यात लसूण. मक्याकडची रोपं गुडघ्याला लागली, फुलंही धरली. लसणाकडची वीतभरच, पानं पिवळट. जीव तुटतो बघून.

बी, शेणखत, पाणी दोन्हीकडे सारखंच. युरिया घातलेला नाही, पानांमागे मावाही नाही. काल दोन्हीकडचं एकेक रोप मुळासकट काढलं. मक्याकडच्या मुळांवर मुगाएवढ्या गाठी, नखाने फोडल्यावर आतून गुलाबी. लसणाकडे मोजून चार, त्याही पांढऱ्या, म्हणजे हवेतलं नत्र (नायट्रोजन) धरतच नाहीत. कांदा-लसूण शेंगवर्गाजवळ लावू नये असं ऐकलं होतं, पण इतका फरक? त्या बाजूला पाणी थोडं जास्त रेंगाळतं, हेही खरं.

लसूण मार्चपर्यंत काढता येणार नाही, दुसरी जागाही नाही. फरसबीचं रायझोबियम (मुळांवर या गाठी धरवणारे जिवाणू) आता मुळाशी पाण्यातून दिलं तर या रोपांना गाठी धरतील का? की ती काढून लसणापासून अंतर सोडून नव्याने पेरू, आणि सोडायचं तर किती?