बँकेच्या दरपत्रकातली टीटीबी, बीबी, सीएन ही अक्षरं

द्राक्षबाग_निफाड: रॉटरडॅमला द्राक्षं पाठवली, युरोत पैसे येणार आहेत. बँकेच्या पत्रकावर एका युरोसमोर टीटीबी, टीटीएस, बीबी, सीएन असे वेगवेगळे भाव आहेत. मला नेमका कोणता लागणार?

निवृत्त_परकीय_चलन_विभाग: टीटी म्हणजे टेलिग्राफिक ट्रान्सफर. तार गेली, नाव राहिलं. शेवटचा बी म्हणजे बाय, एस म्हणजे सेल. दोन्ही बँकेच्या बाजूने वाचायचे. बँक तुमचे युरो विकत घेणार, म्हणून तुमचा भाव टीटीबी. बीबी म्हणजे बिल बाइंग, बँक तुमचं निर्यातीचं बिल विकत घेते तेव्हाचा भाव. तिथे बँक तुम्हाला रुपये आधी देते आणि तिचे युरो मागाहून येतात, म्हणून तो थोडा कमी असतो. बिल नुसतं वसुलीला दिलं असेल तर पैसे जमा होताना टीटीबीच मागा. यावर अडून बसा, हक्काचे पैसे आहेत. सीएन म्हणजे करन्सी नोट्स, रोख नोटांचा भाव. तो सगळ्यात वाईट. नोटा सांभाळायच्या, विमा उतरवायचा, परदेशी पाठवायच्या, हा खर्च त्यात असतो.

पुणेकर_आयातदार: जपानी येनचा भाव आपल्याकडे १०० येनमागे लिहितात, हेही ध्यानात ठेवा.

द्राक्षबाग_निफाड: काका, मनापासून आभार. आणि एफबीआयएल?

निवृत्त_परकीय_चलन_विभाग: फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया लिमिटेड ही संस्था. तिचा तो संदर्भ दर, म्हणजे भाव ताडून बघायचा दर. जुलै २०१८ पासून रिझर्व्ह बँकेऐवजी तीच तो जाहीर करते. टीटीबी त्याच्यापेक्षा किती खाली आहे ते बघा, मग घासाघीस करा. मोठ्या रकमेला बँका ऐकतात.