मदत हवी आहे: चादरीच्या लेबलवर स्पॅनिशमध्ये काय छापू?

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे जकार्ड चादरींचे माग आहेत. पहिल्यांदाच मेक्सिकोला माल चाललाय. लेबलवर इंग्रजीत ‘ब्लँकेट’ आहे, खाली स्पॅनिश शब्द हवाय. टॉवेलचं सोपं होतं, ‘तोआया’ लिहिलं की झालं. ब्लँकेटला मात्र स्पेनमध्ये ‘मांता’, अर्जेंटिनात ‘फ्रासादा’, मेक्सिकोत ‘कोबिखा’. त्यात मेक्सिकोत ‘मांता’ हे जाड्याभरड्या सुती कापडालाही म्हणतात, म्हणजे आपलं मांजरपाटच की! शिवाय सोलापुरी चादर काही लोकरीची नाही. अंथरायलाही चालते, पांघरायलाही. मग ‘कोबिखा’ छापू की पलंगपोसाला म्हणतात ते ‘कोल्चा’? तिकडे राहिलेल्या किंवा माल पाठवणाऱ्या कुणीतरी सांगा. छापखानेवाला रोज फोन करतोय, शनिवारपर्यंत मजकूर द्यायचाय.