मदत हवी आहे : चौथीतला मुलगा जोडाक्षरांपाशी अडतो

आडगावची_बाई : वर्गातला एक मुलगा. तोंडी विचारा, फाडफाड सांगतो. वाचायला दिलं की 'सूर्य'चं 'सुयर', 'किती'चं 'कीत'. फळ्यावरचं उतरवण्यात अख्खा तास जातो. सगळे उपाय करून झाले. परीक्षा तोंडावर आलीय, पटकन सांगा. 'सराव द्या' सोडून.

मिरमिरा : सगळे म्हणजे कोणते? माध्यम कुठलं? डोळे तपासले?

निवृत्त_गुरुजी : आमच्या वेळी असली थेरं नव्हती. रोज पानभर शुद्धलेखन, महिन्यात सुतासारखा सरळ.

मिरमिरा : काका, उतरवण्यातच अडतोय तो, आणि तुम्ही अजून उतरवायला लावताय!

थेंब : विशेष शिक्षिका आहे म्हणून सांगते. ऱ्हस्व वेलांटी लिहायची अक्षराआधी, उच्चार मात्र नंतर. रफाराचं उलटं : उच्चार आधी, खूण पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. अशी मुलं तिथेच गोंधळतात. ताटात रवा पसरून बोटाने काढायला लावा, काढताना मोठ्याने म्हणू दे : सू… र्… य. 'र्' आणि 'य' वेगळ्या कार्डांवर लिहा, रफाराचं कार्ड त्यालाच 'य'वर ठेवू दे. रफार पक्का झाल्याशिवाय 'प्र', 'ट्र'ला हात लावू नका. फळ्यावरचं उतरवणं बंद. छापील कागद द्या, उत्तरं तोंडी घ्या.

पक्का_मुंबईकर : आधी सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातून अध्ययन अक्षमतेचं (बुद्धी चांगली, पण वाचन-लेखनात अडतं) प्रमाणपत्र काढा. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे. आठ वर्षं पूर्ण झाली की मिळतं.

निवृत्त_गुरुजी : म्हणजे पोराच्या कपाळी कायमचा शिक्का!

थेंब : शिक्का आत्ताही आहेच, 'ढ' म्हणून. प्रमाणपत्राने निदान जादा वेळ आणि लेखनिक तरी मिळतो.

साखरभात : माझी मुलगी पाढे विसरते. अबॅकस लावू का?

मिरमिरा : ताई, वेगळा धागा काढा. आडगावची_बाई, माध्यम??

आडगावची_बाई : मराठी, जि. प. शाळा. चष्मा आहे, नंबर बरोबर आहे. चाचणी नाही झालेली. आईवडील ऊसतोडीला गेलेत, पोरगा आजीजवळ. मुंबईला नेणार कोण?

मिरमिरा : हे आत्ता सांगताय होय!

थेंब : मग सायन राहू द्या. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे (अशा मुलांना नेहमीच्याच वर्गात शिकवण्याचे) विशेष शिक्षक असतात, मुख्याध्यापकांकडून त्यांना पत्र पाठवा. चाचणीचं जिल्हा रुग्णालयात विचारा. वडिलांना आजच फोन करून संमती घ्या. रव्याच्या ताटाला कुणाची सही लागत नाही, ते उद्याच सुरू करा.

पक्का_मुंबईकर : सायनला गर्दी असते, पण काम चोख होतं.