लाइनवरच चालणारा स्पीकरफोन : बोलताना आवाज तुटतो, दोष आयसीचा की विजेचा?

खाडीकाठ (प्रश्न)

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या घरी तांब्याच्या तारेवरचा दूरध्वनी अजून चालू आहे आणि तो चालू राहणे आम्हांला आवश्यक आहे, कारण घरात मोबाइलची रेंज टिकत नाही आणि वडिलांच्या हातांना कंप असल्यामुळे त्यांना रिसीव्हर फार वेळ कानाशी धरता येत नाही. त्यामुळे ते स्पीकरचे बटण दाबून समोर बसून बोलतात. या संचाला अ‍ॅडॉप्टर नाही आणि सेलही नाहीत. लागणारी सगळी वीज तो एक्स्चेंजकडून येणाऱ्या दोन तारांतूनच घेतो.

गेल्या पावसाळ्यापासून स्पीकरवरचे बोलणे तुटू लागले आहे. पलीकडची व्यक्ती हळू बोलते तोवर सगळे ठीक असते. तिने आवाज चढवला, किंवा आपण आवाजाचे बटण वर नेले, की शब्दांचे तुकडे पडतात आणि स्पीकरमधून मचव्याच्या इंजिनासारखी फटफट ऐकू येते. रिसीव्हर उचलून बोलले तर मात्र काहीही दोष जाणवत नाही. हाच संच पुण्याला भावाकडे, त्याच्या फायबर जोडणीच्या डब्याला लावून पाहिला, तेव्हा तो बराच बरा चालला.

संच उघडला असता आत एमसी ३४११८, तिच्याशेजारी आठ पायांची एमसी ३४११९ आणि संभाषणाच्या परिपथासाठी टीईए १०६२ अशा तीन आयसी, म्हणजे चिपा, दिसल्या. मधल्या काळात स्पीकर फाटल्यामुळे दुरुस्तीच्या दुकानातून तो बदलून घेतला होता. नव्या स्पीकरच्या पाठीवर ८ ओहम असे लिहिलेले आहे. दुकानदारांच्या मते मोठी आयसी गेली आहे. ती बदलावी का, की मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर जोडून वीज बाहेरून द्यावी? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

अनुनाद

आयसी बदलण्याची घाई करू नये. आपण जी लक्षणे लिहिली आहेत, ती आयसी बिघडल्याची नसून तिला वीज अपुरी पडत असल्याची आहेत, आणि लाइनवर चालणाऱ्या स्पीकरफोनमध्ये पहिला संशय नेहमी विजेवरच घ्यावा असे माझे ठाम मत आहे.

एमसी ३४११८ काय करते ते आधी पाहू. माइक आणि स्पीकर एकाच डब्यात असल्यामुळे स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, तो लाइनवर जातो, तिथून त्याचा काही अंश पुन्हा स्पीकरकडे येतो, आणि या फेऱ्यात आवाज वाढत गेला तर संच शिट्टी मारू लागतो. हे टाळण्यासाठी या आयसीत जाणाऱ्या आवाजासाठी एक आणि येणाऱ्या आवाजासाठी एक असे दोन अ‍ॅटेन्युएटर, म्हणजे आवाजाची पातळी कमी-जास्त करणारे भाग, आहेत आणि ते एकमेकांच्या उलट चालतात. जो बोलतो त्याचा मार्ग अधिक ६ डेसिबलवर उघडतो आणि दुसऱ्याचा उणे ४६ वर जातो. कोणीच बोलत नसेल तर दोन्ही सुमारे उणे २० वर थांबतात. तिन्ही स्थितींत बेरीज उणे ४० च राहते, हे या रचनेचे मर्म आहे. कोणाचा मार्ग उघडायचा हे ठरवण्यासाठी दोन्ही अ‍ॅटेन्युएटरांच्या दोन्ही टोकांना, म्हणजे एकूण चार ठिकाणी, आवाजाची पातळी मोजली जाते. आधीच्या एमसी ३४०१८ मध्ये ही चार ठिकाणांची मोजणी नव्हती. मात्र तिच्यात स्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायर आतच होता, तर ३४११८ साठी तो ३४११९ च्या रूपाने वेगळा लावावा लागतो.

आता विजेचा भाग. ३४११८ ला सुमारे ५ मिलिअँपिअर लागतात आणि ३४११९ ला स्पीकर शांत असतानाही पावणेतीनच्या आसपास. आयसीचा पुरवठा साडेतीन व्होल्टच्या खाली घसरू लागला की ३४११८ येणाऱ्या आवाजाचा मार्ग स्वतःहून कमी करू लागते. ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे: लांबच्या लाइनवर वीज कमी असते, तेव्हा स्पीकरने ती सगळी ओढून घेऊन पुरवठा कोसळवू नये, हा तिचा हेतू. परंतु घसरण फार झपाट्याने झाली, तर पुरवठा पडतो, आवाज बंद होतो, बंद झाल्यामुळे पुरवठा सावरतो, आवाज पुन्हा येतो, आणि हे चक्र सेकंदातून अनेकदा फिरते. आपण जी फटफट म्हणता ती हीच असावी.

कृपया तीन गोष्टी मोजून कळवाव्यात: संच लाइनपासून सुटा असताना लाइनवरील व्होल्टेज, स्पीकर चालू असताना लाइनच्या एका तारेत मालिकेत मीटर घालून मिळणारा प्रवाह, आणि पलीकडून मोठ्याने बोलले जात असताना ३४११८ च्या पुरवठ्याच्या पायावरचे व्होल्टेज. मोजणी चालू असताना घंटी आली तर लाइनवर सुमारे ७५ व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब येतो, म्हणून उघड्या तारांना हात लावू नये. आणि आपल्याकडे मुख्य विजेवर चालणारा ऑसिलोस्कोप असला, तरी तो लाइनला थेट जोडू नये. त्याचे अर्थिंग लाइनचा समतोल मोडते आणि मग दिसणारी गुरगुर संचाची आहे की जोडणीची, हे कळत नाही.

तांबेतार

अनुनाद यांच्या निदानाशी मी बहुतांशी सहमत आहे, पण तुटण्याचा सगळा भार विजेवर टाकू नये असे वाटते. या पद्धतीच्या संचात एका वेळी एकाचेच बोलणे नीट जाते. दोघे एकदम बोलू लागले की कोणाचा तरी शब्द कापला जाणारच, आणि तो दोष नाही.

दुसरे असे की टीईए १०६२ मध्ये आपलाच आवाज आपल्याला परत ऐकू येऊ नये म्हणून एक समतोल जाळे असते आणि त्याच्या किमती एका विशिष्ट लाइनला धरून निवडतात. तिच्या माहितीपत्रकातील उदाहरण ०.५ मिलिमीटर जाडीच्या ५ किलोमीटर तांब्याच्या जोडीचे आहे, जिचा रोध दर किलोमीटरला १७६ ओहम आणि क्षय सुमारे १.२ डेसिबल धरला आहे. प्रत्यक्ष लाइन यापेक्षा फार वेगळी असेल, किंवा तिचे सांधे गंजून एका तारेचा रोध दुसरीपेक्षा बराच वाढला असेल, तर हा समतोल बिघडतो आणि माइकचा आवाज येणाऱ्या मार्गावर गळतो. मग ३४११८ ला पलीकडून कोणीतरी बोलत आहे असे वाटते आणि ती चुकीचा मार्ग उघडते.

आणखी एक छोटी पण कोकणात महत्त्वाची बाब म्हणजे पंखा. ही आयसी सतत चालणारा आवाज आणि बोलणे यांत फरक करते, कारण बोलण्यात चढउतार असतात आणि पंख्याच्या घरघरीत ते नसतात. त्यासाठी ठरलेल्या पायांवर १०० किलोओहम आणि ४७ मायक्रोफॅरड अशी जोडी लावतात, जिचा कालांक, म्हणजे बदलाला प्रतिसाद देण्याचा वेळ, जवळपास ५ सेकंदांचा होतो. एवढा वेळ एकसारखा राहिलेला आवाज ती पार्श्वभूमीचा म्हणून सोडून देते. छताचा पंखा डुगडुगत असेल आणि त्याचा वारा थेट माइकच्या भोकावर येत असेल, तर तो आवाज एकसारखा राहत नाही आणि आयसी त्याला बोलणे समजते. संच पंख्याखालून बाजूला ठेवून पाहावा. यात खर्च काहीच नाही.

खाडीकाठ

आपणां दोघांचे मनापासून आभार. मोजणी अशी आली: संच सुटा असताना लाइनवर ५० व्होल्ट. स्पीकर चालू असताना प्रवाह १८ मिलिअँपिअर आणि त्या वेळी संचाच्या दोन टोकांवर ७ व्होल्ट. पुरवठ्याच्या पायावर शांततेत ४.१ व्होल्ट, पलीकडून मोठ्याने बोलले की मीटरचा आकडा ३ च्या खाली जातो आणि स्थिर राहत नाही. एक्स्चेंज आमच्यापासून केबलच्या मार्गाने साधारण ४ किलोमीटर आहे. संच पंख्यापासून दूर ठेवल्यावर वडिलांचे बोलणे पलीकडे अधिक स्पष्ट जाऊ लागले, पण फटफट तशीच आहे.

अनुनाद

आपल्या आकड्यांवरून चित्र स्पष्ट होते. ५० मधून ७ वजा केले की ४३ व्होल्ट उरतात. त्यांना १८ मिलिअँपिअरने भागले की एकूण रोध सुमारे २४०० ओहम येतो. एक्स्चेंजमधील पुरवठ्याचा रोध नेहमीप्रमाणे ४०० धरला, तर लाइनच्या वाट्याला २००० ओहम राहतात. केबल ०.४ मिलिमीटरची असली तरी जाऊनयेऊन किलोमीटरला सुमारे २७५ ओहम, म्हणजे ४ किलोमीटरला ११०० च व्हायला हवेत. उरलेले ९०० ओहम कुठेतरी सांध्यांत आहेत, आणि दोष पावसाळ्यापासून सुरू झाला हेही त्याच्याशी जुळते. लाइन निर्दोष असती तर आपल्याला २८ मिलिअँपिअरच्या जवळपास प्रवाह मिळाला असता. दूरध्वनी कार्यालयाकडे तक्रार करताना फक्त ‘आवाज तुटतो’ असे न लिहिता हे आकडे लिहावेत. ‘लाइनचा रोध अपेक्षेपेक्षा दुप्पट आहे’ या वाक्यावर तंत्रज्ञाला नेमके काय शोधायचे ते कळते.

भावाकडे संच बरा का चालला, याचेही उत्तर इथेच आहे. फायबरच्या डब्यातील दूरध्वनीचे द्वार सामान्यतः २० ते २५ मिलिअँपिअरच देते, म्हणजे फार उदार नसते, पण तार काही मीटरचीच असल्यामुळे तेवढा प्रवाह नक्की मिळतो आणि येणारा आवाजही वाटेत क्षीण होत नाही, म्हणून आवाजाचे बटण वर न्यावे लागत नाही.

दुसरा दोषी तो ८ ओहमचा स्पीकर आहे. ३४११९ त्याला चालवू शकते, त्यामुळे दुकानदारांनी वावगे काही लावले नाही. पण लाइनवरच्या संचात प्रश्न प्रवाहाचा असतो. स्पीकरमध्ये २० मिलिवॅट उतरवायचे आहेत असे समजू. ८ ओहममध्ये त्यासाठी शिखरावर सुमारे ७१ मिलिअँपिअर वाहावे लागतात आणि सलग सुरासाठी पुरवठ्यातून सरासरी ४५ ओढले जातात. तेवढाच आवाज ३२ ओहमच्या स्पीकरमधून काढायचा तर शिखर ३५ आणि सरासरी साडेबावीस, म्हणजे बरोबर निम्मे. आपल्या १८ मिलिअँपिअरमधून दोन आयसींचे पावणेआठ आणि टीईए १०६२ चा स्वतःचा वाटा गेला की स्पीकरसाठी ८ ते ९ उरतात. बोलण्यात खंड असतात म्हणून सरासरी बरीच कमी पडते आणि आयसींच्या पुरवठ्यावर वीज साठवून ठेवणारा कपॅसिटर खंडांत भरून शब्दांच्या वेळी मदतीला येतो, पण ४५ च्या हिशेबाला तो पुरणे शक्य नाही.

त्या कपॅसिटरकडेही पाहावे. प्रवाह ३५ मिलिअँपिअरने कमी पडत असेल, तर १००० मायक्रोफॅरडवर २० मिलिसेकंदांत ०.७ व्होल्टची घसरण होते. जुना कपॅसिटर सुकून त्याचा पाचवा भाग उरला असेल, तर त्याच अवधीत साडेतीन व्होल्ट, म्हणजे जवळपास सगळाच पुरवठा जाईल. तो नवीन, १००० मायक्रोफॅरडचा लावावा. त्याहून फार मोठा लावू नये, कारण बटण दाबल्यावर तो १० मिलिअँपिअरवर भरायला १००० ला ०.४ सेकंद आणि २२०० ला ०.९ सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ स्पीकर मुका राहतो.

दीपमाळ

चार्जरबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो: तो जोडू नये. हा संच मुळात विजेच्या मुख्य पुरवठ्याशी कसलाही संबंध नसलेल्या, जमिनीपासून तरंगत्या लाइनसाठी बनवलेला आहे. मोबाइलच्या चार्जरमध्ये मुख्य वीज आणि ५ व्होल्टची बाजू यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर असतो आणि त्यातून अल्प प्रवाह गळतो. त्याने लाइनवर गुरगुर येते, आणि हलक्या प्रतीच्या चार्जरमध्ये तो भाग निकामी झाला तर २३० व्होल्ट थेट संचावर आणि लाइनवर येऊ शकतात. वडील ज्या उपकरणाला हात लावून बसतात त्यात हा धोका नको. मुख्य विजेवर चालणाऱ्या स्पीकरफोनमध्ये लाइनच्या बाजूला विलग करणारा ट्रान्सफॉर्मर असतो, तो यासाठीच.

लाइन दुरुस्त होईपर्यंत बाहेरची वीज द्यायचीच असेल, तर तीन पेन्सिल सेल, म्हणजे साडेचार व्होल्ट, एका शॉट्की डायोडमधून (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा आणि फार कमी व्होल्ट खाणारा भाग) पुरवठ्याच्या कपॅसिटरला जोडावेत, आणि ती जोड स्पीकरच्या बटणातूनच जाईल असे पाहावे, नाहीतर दोन्ही आयसी रात्रंदिवस सेल पीत राहतील.

तांबेतार

दीपमाळ यांची सूचना योग्य आहे. ३२ ओहमचा स्पीकर मिळाला नाही तर ५० ओहमचाही चालेल. ३४११९ साठी १०० ओहमपर्यंतचा भार मान्य आहे. जुन्या निकामी दूरध्वनी संचांत असे स्पीकर असतात, तेव्हा भंगारातला एखादा संच घेतला तरी काम होईल. फक्त बसवताना स्पीकर आणि डब्याची जाळी यांच्यामधली फोमची चकती जुनीच न वापरता नवी घालावी, कारण ती झिजली की आवाज डब्याच्या आतूनच माइककडे जातो.

खाडीकाठ

लाइनची तक्रार आकड्यांसह नोंदवली आहे. कपॅसिटर बदलला आणि एका जुन्या संचातून ३२ ओहमचा स्पीकर काढून फोमसह बसवला. मोठ्या बोलण्याला पुरवठा आता ३.६ च्या खाली जात नाही. आवाज थोडा लहान वाटतो, पण फटफट पूर्ण थांबली आहे. सेल लावलेले नाहीत आणि आयसी मूळचीच आहे. सांधा दुरुस्त झाल्यावर प्रवाह पुन्हा मोजून इथेच कळवतो.