२६ जानेवारीची फन रन: पैसे परत मागावे का?

सासूबाई, बायको, आठवीतली पोरगी अन् मी, असे सगळे नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या ५ किमीला गेलो होतो. वेळ सहाची, पाहुणे उगवले पावणेआठला. तोवर थंडीत कुडकुडत भाषणाची वाट पाहा. वळणावर एकही स्वयंसेवक नाही, म्हणून पुढचे सरळ सेमिनरी हिल्सचा चढ चढले अन् बाकीचे त्यांच्या मागे. घड्याळात ७.४ किमी भरले! पाण्याचा जार होता, ग्लास नव्हते. पोरीच्या मेडलवर मागच्या वर्षीचं साल. सासूबाई मात्र मधूनच कटल्या, पोहे खाऊन आमच्याआधी हजर.

धावरा: फन रनचं अंतर कोण मोजते भाऊ! प्रमाणित शर्यतीत कॅलिब्रेट केलेल्या, म्हणजे आधी माप तपासून घेतलेल्या सायकलने मोजतात, वर किलोमीटरमागे १ मीटर जास्त धरतात, रस्ता कमी भरू नये म्हणून. तुमच्याकडे ती काळजी जरा जास्तच घेतली.

महालकर: परताव्याचा फॉर्मवर काय नियम आहे ते पाहा. नसेल काही लिहिलेलं, तर मेडलचा फोटो जोडून मेल टाका. अन् पोहे कुठले? तर्री होती?

मूळ प्रश्नकर्ता: होती. ठेला कुठं ते सासूबाई सांगत नाहीत, म्हणे गर्दी कराल.